शेडच्या वायरमन काकांना थँक्यू, उशिरा का होईना

काका, सप्रेम नमस्कार,

मी मे महिन्यातल्या त्या लग्नाची फोटोग्राफर, गळ्यात दोन कॅमेरे अडकवून नऊवारीतल्या बायकांच्या मधे मधे येणारी. फोटो पोस्ट झाले तेव्हा नवरा-नवरीने सगळ्यांना टॅग केलं, डेकोरवाले, मेकअपवाली, केटरर, अगदी ब्लाउज शिवणाऱ्या ताईंना पण, आणि खाली लोक मला विचारत सुटले की लाइट कसा केला, फ्लॅश कुठला होता. तुम्ही इन्स्टावर नाही म्हणून तुम्हाला कोणी टॅग केलं नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितीये, तुमचा नातू वाचून दाखवेल असं मॅनेजर म्हणाले.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. लोअर परळच्या एका बंद पडलेल्या कापड गिरणीचं साचेखातं, म्हणजे जिथे माग चालायचे ती शेड, आता लग्नं, शूट, प्रदर्शनं असल्यांना भाड्याने देतात. प्लास्टर नसलेल्या विटा, बिडाचे खांब, वर करवतीच्या दातांसारखं चढउताराचं करवती छप्पर. कपलला 'विंटेज रोमँटिक' हवं होतं, त्यामुळे आजीची पैठणी, मोत्यांची नथ, इराणी हॉटेलात असतात तसल्या काळ्या लाकडी खुर्च्या, चोरबाजारातनं आणलेला कर्ण्याचा ग्रामोफोन (वाजत नव्हता, गाणी ब्लूटूथवर) आणि दाराशी काळी-पिवळी फियाट. २०२३ च्या ऑक्टोबरात ही फियाट टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरनं गेली आणि बहुतेक तेव्हाच लग्नांच्या मूडबोर्डवर येऊन बसली. दिसायला सगळं फार गोड होतं, खोटं कशाला बोलू. पण अशा जागी फोटो काढणं म्हणजे वैताग असतो, कारण छत इतकं उंच आणि काळं की फ्लॅश वर मारला तर उजेड जातो तो परत येतच नाही, आणि बाजूच्या भिंतीवर मारला तर नवरी विटेच्या रंगाची होते.

आणि ते बल्ब! आतली पिवळी तार दिसणारे, ज्यांच्याशिवाय असलं लग्न आता लागतच नाही. दिसायला आजोबांच्या काळातले, आतून स्वस्तातले एलईडी. सकाळी टेस्ट घेतली तर प्रत्येक फोटोत आडवे काळे पट्टे. आपली लाइन ५० हर्ट्झची, म्हणजे वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते आणि दर फेरीत दोनदा उतरते, त्यामुळे असला बल्ब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो, डोळ्याला कळत नाही पण शटर फास्ट केलं की कॅमेरा बरोबर पकडतो. शटर १/१०० सेकंदावर आणलं की पट्टे जातात, पण मग उडणाऱ्या अक्षता, पळणारी पोरं, मान मागे टाकून हसणारी मावशी, सगळंच हलतं. लाइटवाल्याला दाखवलं तर तो म्हणाला मॅडम तुमच्या कॅमेऱ्याचा प्रॉब्लेम असेल. माझ्या वयाच्या प्रत्येक बाई फोटोग्राफरने हे वाक्य ऐकलेलं आहे, आणि नेहमी ज्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर असतो त्याच्याकडूनच.

तुम्ही बोर्डापाशी स्टुलावर बसला होतात. मला वाटलं राखणदार असाल. तुम्ही उठलात, चष्मा वर करून माझ्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर ते पट्टे बघितलेत आणि म्हणालात, "सगळ्या माळा एकाच फेजवर ओढल्यात त्यानं, दुसरं काय होणार." (फेज म्हणजे वीज ज्या तीन तारांतून येते त्यातली एक, तिघींचा चढउतार एकमेकींच्या मागेपुढे.) आणि मग तुम्ही जे सांगितलंत ते मला आजवर कुठल्याच वर्कशॉपमध्ये कोणी सांगितलेलं नाही. की गिरणीत ट्यूबलाइटी मुद्दाम तिन्ही फेजांवर वाटायचे, कारण सगळ्या एका फेजवर असल्या की एकदमच लुकलुकतात आणि फिरणारं चाक कधी कधी थांबल्यासारखं दिसतं, माणूस फसून हात घालतो. तीन फेजांवर वाटल्या की एक मंद होते तेव्हा दुसरी प्रखर असते, एकमेकींचं सांभाळून घेतात. ज्या युक्तीने लोकांची बोटं वाचायची तीच तुम्ही माझ्या फोटोंसाठी वापरलीत.

नुसतं सांगून थांबला नाहीत हे महत्त्वाचं. खिशातनं टेस्ट लॅम्प काढलात, होल्डरला दोन वायरी जोडलेला तो साधा बल्ब, आणि बोर्डावर कुठून काय येतंय ते बघत प्रत्येक माळेच्या टोकाला लाल, पिवळी, निळी टेप गुंडाळत गेलात, लाइटवाल्याच्या पोराला शिडीवर चढवून बाजूबाजूच्या माळा वेगवेगळ्या फेजवर घ्यायला लावल्यात. मधेच सोफ्याच्या वर एक उघडा जॉइंट सापडला तेव्हा तुमचा आवाज चढला, "खाली पोरं खेळणार आहेत, अक्कल आहे का," आणि मग त्या पोराला तो नीट पिळून टेप कशी मारायची तेही दाखवलंत. फरक सांगते, म्हणजे कोणाला जादू वाटायला नको: फोटोत नीट बघितलं तर काही बल्ब जरा उजळ, काही जरा मंद दिसतात, पण चेहऱ्यांवरचे पट्टे गेले. मला एवढंच हवं होतं.

दुसरी गोष्ट छपराची. करवती छपराच्या काचा सगळ्या उत्तरेकडे तोंड करून, म्हणजे थेट ऊन न येता आत दिवसभर एकसारखा उजेड, हे मला माहीत होतं, म्हणून तर नवरीचे एकटीचे फोटो मी साडेअकराला ठेवले होते. तुम्ही म्हणालात साडेअकरा नको, मे महिना आहे. खरंच की! हा नमुना मूळचा इंग्लंडातल्या लँकेशायरकडचा, तिथे दुपारचा सूर्य कायम दक्षिणेलाच असतो. आपली मुंबई कर्कवृत्ताच्या खाली, मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारी सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे कलतो आणि त्याच काचांतनं ऊन आत उतरतं. विलायतेचं छप्पर आणि लालबाग-परळचं ऊन, कोणीतरी निस्तरायचं म्हणून उन्हाळ्यात काचांना चुना फासायचे म्हणालात. आणि मला पूर्वेच्या कोपऱ्यात घेऊन गेलात, जिथे चार-पाच काचांवर तो जुना चुना अजून तसाच पापुद्रे धरून आहे, कोणी पुसायला चढलंच नाही. त्याच्या खाली उजेड इतका मऊ होता की मी रिफ्लेक्टर उघडलाच नाही. आजीची पैठणी, जुनी जर, नथीतले मोती, प्रत्येक गोष्टीला त्या उजेडात वजन आलं. नवरी घामाने वैतागली होती पण फोटोत ते कुठेही दिसत नाही.

आणि अंतरपाटाचा फोटो. त्याबद्दल काय लिहू. गोरज मुहूर्त पावणेसातच्या सुमाराचा, गुरुजी पूर्व-पश्चिम सोडायला तयार नाहीत (बरोबरच आहे त्यांचं), आणि नवरीच्या मागे पश्चिमेच्या भिंतीला कागदी फुलांचा भलामोठा पॅनल. तुम्हीच सांगितलंत की त्या पॅनलमागे मोठा दरवाजा आहे, आणि मे महिन्यात सूर्य नाकासमोर पश्चिमेला न मावळता जरा उत्तरेला सरकून मावळतो तो बरोबर त्या दोन टॉवरांच्या फटीत येतो, दहाएक मिनिटं ऊन सरळ आत. डिसेंबरात या दरवाजाचा उपयोग नाही म्हणालात. डेकोरवाल्या मॅडमना पॅनल हलवायला मी दुपारपासून विनवत होते, तुम्ही जाऊन फक्त "बाई, दहा मिनिटं बाजूला घ्या, परत लावून देतो" म्हणालात आणि त्यांनी घेतला. कडीला ग्रीस लावून दरवाजा उघडलात, वाऱ्याने परत लोटू नये म्हणून पायाने अडवून उभे राहिलात. मंगलाष्टकं चालू, ऊन नवरीच्या मागून आलं आणि तिची सावली, मुंडावळ्यांच्या लडींसकट, पांढऱ्या अंतरपाटावर पडली, आणि पलीकडे उभा असलेला तो ती सावली बघून लाजला. हो, नवरा लाजला. माझ्या आजोबांची याशिका आहे, जुना फिल्मचा कॅमेरा, रोलला बाराच फोटो येतात, पोर्ट्रा ४०० नावाचा रोल टाकलेला होता, तिच्यावर घेतला तो फोटो. खाली उजव्या कोपऱ्यात तुमच्या चपलेचं टोक आलंय. नवरीच्या आईने क्रॉप करा म्हणून सांगितलं, मी नाही केलं.

जेवताना मी तुम्हाला विचारलं होतं, जिथे काम केलं तिथे आता लग्नं बघून कसं वाटतं. मला काहीतरी हळवं ऐकायचं होतं बहुतेक. तुम्ही म्हणालात, "बरं वाटतं, पंखे आहेत." मग सांगितलंत की सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवायचे, मे महिन्यात आत उभं राहवायचं नाही, मागांच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ओठ बघून ओळखायचं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा वायरमनच्या हाताखाली हेल्पर होतात, अडीच लाख माणसांचा संप, अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, त्यानंतर चाळींची वायरिंगं, गणपतीची रोषणाई, मिळेल ते. हे सगळं तुम्ही मसालेभात वाढून घेत घेत सांगितलंत आणि शेवटी विचारलंत की ग्रामोफोन मी बघू का, कदाचित चालेल. त्या जागेला 'रॉ' आणि 'रस्टिक' म्हणणारे आम्ही सगळे तिथे लुक बघायला आलो होतो काका, ती शेड चालते कशी हे माहीत असलेले तुम्ही एकटेच होतात, आणि लोकांना आवडलेले सगळे फोटो त्या माहितीतून आलेत. माझा फ्लॅश बॅगेतच होता, ज्यांनी विचारलं त्यांना हे उत्तर.

खूप खूप आभार. अंतरपाटाचा एक मोठा प्रिंट आणि चुन्याच्या काचांखालचा एक असे दोन्ही मॅनेजरांकडे तुमच्या नावाने ठेवलेत, अल्बमच्या शेवटच्या पानावर 'प्रकाशयोजना' म्हणून तुमचं नाव छापलंय, नवरीनेच सुचवलं. पुढच्या महिन्यात त्याच शेडमध्ये एक साखरपुडा आहे, लाइटवाला तोच आहे. त्याला फोन करून सांगून ठेवलंय की माळा तिन्ही फेजांवर वाटून घे, तर म्हणाला, हो मॅडम, काकांनी टेप लावलेली अजून तशीच ठेवलीये.

तुमची,
दोन कॅमेरेवाली