‘बोलेल हळूहळू’ म्हणत वाट बघू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांच्या उशिरा बोलण्यावरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला. काही मुलं उशिरा बोलतात, आईबाबांनी घाबरू नये असं त्यात आहे, ते चुकीचं नाही, पण आम्ही हेच ऐकून जवळजवळ एक वर्ष नुसते बसून राहिलो म्हणून लिहितेय. माझ्या मुलाला ऑटिझम आहे, म्हणजे मेंदूची वाढच वेगळी असल्यामुळे बोलणं आणि इतरांशी संवाद साधणं अवघड जातं.

माझा मुलगा दीड वर्षाचा होता तेव्हा हाक मारली तरी वळायचा नाही, बोट दाखवायचा नाही, पाणी हवं असलं की माझं मनगट धरून नळापाशी ओढत न्यायचा, आणि आधी येणारे चार-पाच शब्द पण गेले होते. घरचे म्हणाले याचे बाबा पण उशिराच बोलले, आणि ज्या डॉक्टरांकडे जायचो तेही म्हणाले तीन वर्षांपर्यंत बघू. शब्द येऊन परत जाणं ही थांबण्याची गोष्टच नाही हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे की 18 आणि 24 महिन्यांना प्रत्येक मुलाची ऑटिझमसाठी चाचणी करावी, आईबाबांची तक्रार असो वा नसो. त्यासाठी एम-चॅट नावाची 20 प्रश्नांची, हो-नाही उत्तरांची साधी प्रश्नावली आहे, 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी. त्यावरून निदान होत नाही, पुढे तपासायचं की नाही एवढंच कळतं. सोबत कानांची तपासणी पण करून घ्यायची. आणि स्पीच थेरपी सुरू करायला निदानाचा कागद हातात यायची गरज नसते, समजा मूल नंतर आपोआप बोललं तरी मधे त्याच्याशी जास्त खेळलो, यात नुकसान कसलं?

आम्हाला सगळ्यात जास्त भीती चित्रांच्या कार्डांची वाटली होती. थेरपिस्ट म्हणाल्या हवी ती वस्तू कार्ड देऊन मागू दे, आणि मला वाटलं आता हा कधीच बोलणार नाही. ही पेक्स नावाची पद्धत 1985 पासून वापरात आहे, आणि चित्रं किंवा खुणा वापरल्याने बोलणं थांबतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, उलट काही मुलांचं बोलणं वाढलेलं दिसलंय. आता विचार केला की पटतं, मागितलं की मिळतं हे आधी समजलं तरच मूल मागायला शिकेल ना. पहिल्यांदा त्याने बुडबुड्यांचं कार्ड माझ्या हातात ठेवलं आणि माझ्या तोंडाकडे बघितलं, त्या दिवसापासून डोकं आपटून घेणं कमी व्हायला लागलं.

घरी करायचं तेही फार साधं होतं. जमिनीवर त्याच्यासमोर बसायचं, तो गाडीचं चाक फिरवत असला तर आपण पण चाकच फिरवायचं, ‘हे काय, रंग कोणता’ असल्या प्रश्नांचा मारा बंद करायचा, एखादा शब्द बोलायचा आणि गप्प बसून वाट बघायची. हे गप्प बसणं फार अवघड गेलं मला, आपण लगेच दुसरं काहीतरी बोलतो. पुढे तो तहान लागली की माझंच वाक्य म्हणायचा, ‘पाणी पाहिजे का?’ आम्ही ‘नीट बोल’ म्हणून ओरडायचो. नंतर कळलं की तेच त्याचं मागणं होतं, आपण पाणी द्यायचं आणि ‘मला पाणी पाहिजे’ असं त्याच्या बाजूने म्हणून दाखवायचं. त्या ओरडण्याचं अजून वाईट वाटतं.

तो आता पाच वर्षांचा आहे, थोडं बोलतो, बाकीचं टॅबलेटवरच्या चित्रांनी सांगतो. लवकर सुरुवात केली म्हणजे ऑटिझम जातो असं नाही आणि तसं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण त्याला काय हवंय ते आता तो आम्हाला सांगू शकतो.

पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा ‘घाबरू नका’च्या खाली एवढं नक्की छापा, की वर्षभराचं मूल हाकेला वळत नसेल किंवा बोट दाखवत नसेल, 16 महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, किंवा आलेले शब्द कुठल्याही वयात गेले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, आणि ते थांबा म्हणाले तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

आपली,
एक आई