किलिमांजारोवरचा तेरडा, सोनकी आणि धवळ

दार-एस-सलाम, टांझानिया
सप्टेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

किलिमांजारो चढून सुखरूप परत आले. शिखर ५,८९५ मीटरवर आहे. तिथे उजाडताना पोहोचलो, ते फोटो तू पाहिलेसच. शिखरावर राख, दगड आणि उरलासुरला बर्फ आहे, त्याबद्दल फार लिहीत नाही. तुला सांगायचंय ते वाटेवरचं. आपण महाबळेश्वरला नि कासला हिंडताना तू मला ज्या झाडांची नावं शिकवलीस, त्यांतल्या तिघांचे भाऊबंद या डोंगरावर राहतात. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

आम्ही माचामेच्या बाजूने चढलो. पायथ्याला चाग्गा लोकांच्या वाड्या आहेत. वर केळी, केळीच्या सावलीत कॉफी आणि मधून डोंगराचं पाणी आणणारे पाट. हे पाट त्यांच्या पूर्वजांनी खणले, आजही पाळीने पाणी सोडतात. मग साधारण १,८०० मीटरवर फाटक लागतं आणि जंगल सुरू होतं. झाडांच्या बुंध्यांवर शेवाळ, वर नेचे, पायवाटेवर सतत चिखल.

तिथेच वाटेच्या कडेला एक लालभडक फूल दिसलं. पाकळ्यांच्या मागे वळलेली नळी बघितली आणि मी जागीच उभी राहिले. तेरडा! म्हणजे आपला गुलाबी तेरडा नव्हे, त्याच कुळातला, इम्पेशन्स किलिमांजारी. जगात हा फक्त याच डोंगरावर सापडतो. त्या मागच्या नळीत मध असतो आणि तो प्यायला शिंजीर येतात. एक पिकलेली शेंग दिसली, तिला हळूच बोट लावलं, तर फटकन फुटून बिया उडाल्या. चिपळूणला मामाच्या परसात आम्ही पोरं दिवसभर हाच उद्योग करायचो. आता तिकडे गौरी आल्याच असतील. तुझ्या माहेरी तेरड्याचीच गौर, त्याच्या मुळ्या म्हणजे गौरीची पावलं, हे आमच्या वाटाड्याला मोडक्यातोडक्या स्वाहिलीत सांगितलं. तो मन लावून ऐकत होता. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण इथल्या जंगलात ओल हटतच नाही. हे फूल कधीही या, कुठे ना कुठे दिसतंच, असं तो म्हणाला.

जंगल संपलं की एरिका नावाच्या झाडांचा पट्टा लागतो. बारीक सुईसारखी पानं, आणि फांद्यांवरून दाढीसारखं लोंबणारं फिकट हिरवं शैवाक. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल याच जातीचं म्हणायला हरकत नाही. इथून पुढे उघडं माळरान. त्यात प्रोटियाची झुडपं, केशरी तुरे काढणारी निफोफिया आणि हेलिक्रायसमची रुपेरी, कागदासारखी कोरडी फुलं. ही शेवटची सगळ्यांच्या वर, जिथे दुसरं काही उगवत नाही तिथेही दगडांच्या आडोशाला बसलेली असतात.

आता सोनकी. लावा टॉवर नावाच्या सुळक्यावरून उतरून आम्ही बारांको दरीत आलो. उंची जवळजवळ ४,००० मीटर. धुकं होतं. त्यात ओळीने माणसांसारखं काहीतरी उभं. जवळ गेल्यावर कळलं, झाडं आहेत. दोन पुरुष उंचीची, जाड खोडाची, प्रत्येक फांदीच्या टोकाला कोबीएवढा पानांचा गुच्छ. खोडाला वाळकी पानं चिकटलेली, वर्षानुवर्षांची, गळून न पडलेली. याला डेंड्रोसेनेसियो म्हणतात. पूर्वी शास्त्रज्ञ त्याला सेनेसियोच म्हणायचे, म्हणजे आपली सोनकी ज्या कुळातली तेच नाव. एक-दोन झाडांना तुरे आले होते. पिवळेच!

भाद्रपदात पाचगणीचा टेबललँड पिवळा करते ती गुडघ्याएवढी सोनकी आणि हे झाड एकाच घरचं. मी त्या खोडावर हात ठेवून बराच वेळ उभी होते. सोबतचे पुढे गेले, वाटाड्या 'पोले पोले' करत, म्हणजे सावकाश सावकाश, माझ्यासाठी थांबला.

असं का झालं असेल, याचा विचार मी नंतरही करत राहिले. हा डोंगर विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंशांवर. तिथे उन्हाळा-हिवाळा असा वर्षाचा फेरा नाही. दिवसा कडक ऊन आणि रात्री पाणी गोठवणारी थंडी, हे रोजचंच. आपल्या सोनकीला पाऊस चार महिने मिळतो, तेवढ्यात उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं. या झाडाला घाई करून उपयोग नाही. त्याला दर रात्र काढायची आहे. म्हणून ती वाळकी पानं, खोडातलं पाणी गोठू नये यासाठीचं पांघरूण. रात्री वरची पानंही मिटतात, मधला कोंब झाकतात. केनिया, एल्गॉन, र्‍वेन्झोरी अशा इथल्या प्रत्येक उंच डोंगरावर याची वेगळी जात आहे. मधल्या सखल प्रदेशात ती जगत नाहीत, त्यामुळे जो तो आपापल्या डोंगरावर वेगळा होत गेला.

तिसरा धवळ. बाबांना आठवेल, महाबळेश्वरला थंडीत पांढरी फुलं येणारा, पोकळ दांड्याचा, माणसाहून उंच. त्याच्या चिकाला हात लावू देत नव्हते ते. तो लोबेलिया. त्याचा इथला भाऊ लोबेलिया डेकेनी, हाही फक्त किलिमांजारोवरचा. जमिनीलगत पानांचा मोठा गुच्छ, त्यातून उभा दांडा, आणि निळी फुलं जाड हिरव्या पानांमागे लपलेली. थंडी लागू नये म्हणूनच. पानांच्या बेचक्यात पाणी साठतं. पहाटे मी वाकून बघितलं, तर वर बर्फाची पातळ चकती आणि खाली पाणी. ते पाणी सगळं गोठत नाही, तोवर आतला कोंब सुरक्षित. एकदा फुललेला गुच्छ मरतो, पण शेजारचे त्याच मुळांवरचे गुच्छ वाढत राहतात. ते फुलायलाही कित्येक वर्षं जातात. तू सात वर्षांनी फुलणाऱ्या कारवीची वाट बघायला शिकवलंस, त्यामुळे मला त्याचं अप्रूप जास्तच वाटलं.

एका गोष्टीने मात्र जीव हळहळला. एरिकांच्या पट्ट्यात काही ठिकाणी काळी जळकी खोडं आहेत. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये इथे मोठी आग लागली होती, २०२२ मध्ये पुन्हा. सगळे बर्फ वितळतोय म्हणून बोलतात, आणि तो वितळतोच आहे. पण एरिकांची झाडं धुक्यातलं पाणी अडवून जमिनीत सोडतात. ती जळली की खालच्या पाटांना पाणी कमी पडणार, केळीला आणि कॉफीलाही. मला बर्फापेक्षा या झाडांची काळजी जास्त वाटली. त्यांचे फोटो कोणी काढत नाही.

डिसेंबरात महाबळेश्वरला गेलात तर धवळ फुललाय का बघ. त्याच्या पानांच्या बेचक्यात दव साठतं का, आणि शिंजीर येतो का, हे मला कळव. फोटो काढ, पण चीक अंगाला लावून घेऊ नकोस. आजीचा गुडघा कसा आहे? तिला आणि बाबांना नमस्कार, चिनूला गोड पापा.

तुझी लेक