थकवा म्हणजे डिप्रेशन नव्हे

संपादक महोदय,

मानसिक आरोग्यावरचं संशोधन वाचताना एक गोष्ट खटकते ती लिहितेच. डिप्रेशन मोजायला पीएचक्यू-९ नावाची ९ प्रश्नांची प्रश्नावली सर्रास वापरतात, मागच्या २ आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, थकवा किती वगैरे, २७ पैकी १० किंवा जास्त गुण झाले की डिप्रेशनची शंका. आता सांगा, कॅन्सरची केमो संपलेल्या माणसाला थकवा नसणार तर कुणाला असणार? आणि परीक्षेच्या तोंडावर कुठला विद्यार्थी नीट झोपतो? म्हणजे शरीराचं दुखणं मनाच्या खात्यात जमा! हे काही नवीन नाही हो, १९८३ साली हॉस्पिटलमधल्या पेशंटसाठी चिंता आणि डिप्रेशन मोजणारी हॅड्स नावाची १४ प्रश्नांची स्केल केली तेव्हाच असली शारीरिक लक्षणं मुद्दाम गाळली होती.

उलट बाजूही आहे, कॅन्सरमधून बाहेर पडलेल्यांना सगळ्यात जास्त छळते ती तो परत येईल ही भीती, प्रत्येक फॉलोअप स्कॅनच्या आधी पोटात गोळा, आणि ती डिप्रेशनच्या फॉर्ममध्ये कुठे पकडणार? घरचे म्हणतात बरा झालास ना, मग आता काय. त्यामुळे एकच फॉर्म सगळ्यांना वाटून आकडे छापण्याआधी संशोधकांनी निदान थोड्या लोकांशी समोर बसून बोलावं.

– एक वाचक