जेटीच्या शिडीत वीज उतरते, आणि आपल्या तक्रार विभागात त्यासाठी रकाना नाही

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व कॅम्पसाइट व्यवस्थापन विभाग

विषय : तलावकाठच्या कॅम्पसाइटवरील जेटीतील वीजगळती, पोहण्याच्या जागेतून होणारी बोटींची ये-जा आणि तक्रार नोंदवताना मिळालेली वागणूक याबाबत

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी आज सकाळी पुन्हा बोलणे झाले. ते संपल्यावर फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला बसले. यापुढे जे सांगायचे ते लेखीच सांगणार आहे, म्हणजे ‘आमच्यापर्यंत हे आलेच नाही’ असे म्हणायला आपल्याला जागा उरणार नाही. जेटी कुठे आहे, बोटी पाण्यात उतरवण्याचा उतार कुठे आहे आणि मुलांच्या पोहण्याची जागा त्याच्यापासून किती जवळ आहे, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार, त्यामुळे त्याचे वर्णन करीत नाही.

आम्ही आपली कॅम्पसाइट निवडली ती आपल्या जाहिरातीतील एका आश्वासनामुळे. कुटुंबे, बोटवाले आणि गळाने मासे धरणारे या तिघांची सोय एकाच काठावर, पण एकमेकांच्या आड न येता, असे आपण म्हटले होते. आमच्या घरात हे तिन्ही प्रकार आहेत. वडील आयुष्यभर हौसेने गळ टाकत आले आहेत, धाकट्या भावाची स्वतःची लहान मोटरबोट आहे आणि माझ्या दोन्ही मुलांना पाण्यातून बाहेर काढणे कठीण जाते. सगळ्यांना एकत्र नेता येईल अशी जागा मिळाली, याचा आम्हाला मनापासून आनंद झाला होता.

संध्याकाळी माझी मुलगी जेटीजवळ पोहत होती. वर येण्यासाठी तिने अ‍ॅल्युमिनियमच्या शिडीला हात लावला आणि लगेच मागे घेतला. ‘आई, शिडी चावते,’ एवढेच ती म्हणाली. मी जेटीवर पालथी पडून ओल्या बोटांनी शिडीच्या दांड्याला स्पर्श केला, तेव्हा मनगटापर्यंत मुंग्या चढल्या. मुलांना हातपाय मारत जेटीपासून लांब, काठाकडे जायला मी ओरडून सांगितले. भाऊ बोटीतल्या हत्यारांच्या पेटीतून मल्टिमीटर घेऊन आला. शिडी आणि पाण्यात सोडलेली तार यांच्यामध्ये काट्याने १८ व्होल्ट एसी दाखवले. जेटीवरच्या खांबाचा मुख्य स्विच त्याने बंद केला, तेव्हा काटा शून्यावर आला. नंतर टॉर्चच्या उजेडात पाहिले, तर बोटींच्या बॅटऱ्या चार्ज करण्यासाठी ओढलेली केबल फळ्यांच्या खाली चिकटपट्टीने बांधलेली होती, एका ठिकाणी तिचे वरचे आवरण सोलले गेले होते आणि लाट आली की नेमका तोच भाग पाण्यात भिजत होता. खांबावरच्या पेटीत साधे एमसीबी होते. गळती ओळखून पुरवठा तोडणारा ईएलसीबी नव्हता.

हा फरक आपल्या तांत्रिक विभागाला नव्याने शिकवण्याची गरज नसावी. एमसीबी पडतो तो तारांवर मोठा भार आला किंवा शॉर्टसर्किट झाले तर. पाण्यात झिरपणारा थोडासा प्रवाह त्याच्या गणतीतही नसतो. माणसांच्या रक्षणासाठी जो ईएलसीबी लावतात, तो साधारणपणे ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर क्षणात पुरवठा तोडतो. आणि माणसाच्या स्नायूंवरचा ताबा सुटायला सुमारे १० मिलिअँपिअर एसी प्रवाह पुरतो. जमिनीवर तेवढ्याने माणूस दचकून बाजूला होईल किंवा पडेल. पाण्यात त्याचे हातपाय आखडतात आणि तो ओरडताही न येता बुडतो. तलावाच्या गोड्या पाण्यात हा धोका समुद्रापेक्षा जास्त असतो, कारण गोड्या पाण्यापेक्षा माणसाचे शरीर विजेला सोपी वाट देते. वाचवायला उडी मारणाराही त्याच प्रवाहात सापडतो. म्हणून अशा वेळी पुरवठा तोडायचा, दोरी किंवा तरंगणारी वस्तू फेकायची आणि पाण्यात उतरायचे नाही, हा नियम आहे. आपल्या जेटीवर ना हा नियम लिहिलेली पाटी होती, ना पुरवठा तोडण्याचा स्विच कुठे आहे हे दाखवणारा बाण.

कॅम्पसाइटच्या ऑफिसमधील कर्मचाऱ्याला आम्ही हे दाखवले. तो आला, केबलवर आणखी एक चिकटपट्टी गुंडाळली आणि स्विच पुन्हा चालू केला, कारण कोणाच्या तरी बोटीची बॅटरी सकाळपर्यंत चार्ज व्हायची होती. भावाने हरकत घेतली, तेव्हा त्याने वरच्या ऑफिसला फोन करायला सांगितले. त्या रात्री मुले झोपल्यावर भाऊ आणि मी आळीपाळीने जेटीच्या तोंडाशी बसून राहिलो, कारण शेजारच्या तंबूंतील मुले पहाटे उठून थेट पाण्याकडे धावतात हे आम्ही पाहिले होते. हे राखणीचे काम आमचे नव्हते.

आता आज सकाळच्या फोनबद्दल, ज्याने माझा संयम संपवला. आधी बुकिंग क्रमांक, मग मोबाइल क्रमांक, मग पुन्हा बुकिंग क्रमांक. जेटी हा शब्द उच्चारताच प्रतिनिधीने विचारले, ‘मॅडम, बोट भाड्याने घेतली होती का?’ मी सांगितले, नाही, जेटीच्या शिडीत वीज उतरते आहे. ‘म्हणजे तुमच्या तंबूत लाईट नव्हती का?’ मी पुन्हा सांगितले की तंबूत वीज होती, पाण्यातही होती आणि माझी तक्रार पाण्यातल्या विजेची आहे. काही वेळ कळा दाबल्याचा आवाज आला. मग, ‘कोणाला इजा झाली का?’ मी म्हणाले, नाही, वेळीच सगळ्यांना बाहेर काढले. ‘हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं का?’ नाही. ‘मग मॅडम, ही अपघातात बसत नाही, आणि अपघात नसेल तर सुरक्षिततेची तक्रार उघडता येत नाही. मी सुविधांबाबत असमाधान यात टाकते, चालेल?’

मी विचारले, ही तक्रार योग्य रकान्यात जावी म्हणून माझ्या मुलीचे नेमके काय व्हायला हवे होते? पलीकडे शांतता. मग उत्तर आले, ‘मॅडम, असं बोलू नका, मी फक्त प्रोसेस सांगतेय.’ पाठोपाठ पुढच्या बुकिंगवर सवलतीचे कूपन देण्याचा प्रस्ताव आला आणि त्याच दमात विनंती, की ‘तुमचं समाधान झालं असं म्हणाल का, म्हणजे मला तक्रार बंद करता येईल.’ मी समाधान झाले नाही असे स्पष्ट शब्दांत, दोनदा सांगितले. फोन ठेवल्यावर लगेच मोबाइलवर आपला संदेश आला : आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे, कृपया आमच्या सेवेला तारे द्या.

त्या मुलीवर माझा राग नाही. तिच्यासमोर जो फॉर्म होता तो तिने तयार केलेला नाही, तो आपण तयार केला आहे. ज्या कंपनीच्या फॉर्मवर पाण्यात वीज सापडली असे नोंदवायचे झाले तर आधी कोणीतरी जखमी व्हावे लागते, ती कंपनी पाण्याकाठी मुलांना बोलावण्यास लायक आहे की नाही, हे आपणच ठरवा.

पोहण्याच्या जागेविषयीही लिहिणे भाग आहे. आपल्या नकाशावर ती जागा तरंगत्या गोळ्यांच्या दोरीने वेगळी केलेली दिसते. प्रत्यक्षात ती दोरी एका टोकाला सोडून काठावर गुंडाळून ठेवली होती, कारण उतारावरून पाण्यात घेतलेल्या बोटींना ती वळताना अडचणीची होते, असे आम्हाला सांगण्यात आले. वेग घेताना मोटरबोटीचे नाक वर उचलले जाते आणि नेमक्या त्याच क्षणी चालवणाऱ्याला समोरच्या पाण्यातले डोके दिसत नाही. हे बोट चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते, म्हणूनच काठाजवळ बोट इतक्या हळू चालवायची असते की मागे लाट उठू नये. भाड्याच्या बोटी मात्र पहिल्यांदाच सुकाणू हातात घेणाऱ्यांना दिल्या जात होत्या. चालवणारा पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद करणारी, मनगटाला अडकवायची दोरी एकाही बोटीत आम्हाला दिसली नाही. माझा भाऊ स्वतःची बोट वल्ह्यांनी बाहेर नेत होता. त्याला घाई नव्हती म्हणून नव्हे, तर समोर मुले होती म्हणून.

लाइफ जॅकेट मागितले तर ऑफिसमागच्या खोलीतल्या ढिगातून निवडून घ्या असे सांगितले गेले. मुलाला त्यातल्या त्यात लहान जॅकेट घातले आणि खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर उचलून पाहिले, तर जॅकेट थेट त्याच्या कानांपर्यंत सरकले आणि हनुवटी आत गेली. दोन पायांमधून घ्यायचा पट्टा नव्हता, मानेमागे आधार देणारी कॉलरही नव्हती. लेबलवर तरंगवण्याच्या क्षमतेची ५० ही पातळी छापलेली होती. ती पातळी पोहता येणाऱ्यांसाठी, जवळ मदत असलेल्या शांत पाण्यासाठी असते. शुद्ध हरपलेल्या माणसाला उताणे करून त्याचे तोंड पाण्याबाहेर ठेवण्याची अपेक्षा १०० आणि त्यापुढील पातळ्यांकडून केली जाते. न पोहणाऱ्या लहान मुलाच्या अंगावर मोठ्या माणसाचे, ५० पातळीचे जॅकेट चढवून पालकांना निर्धास्त करणे हे मला जॅकेट न देण्यापेक्षाही वाईट वाटते, कारण मग पालकांची नजर हटते.

वडिलांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहा असा त्यांचा आग्रह होता, पण त्यांचे शब्द पत्रात घालण्यासारखे नाहीत. त्यांना मिळायची ती गळ टाकण्याची जागा भाड्याच्या बोटी बांधण्यासाठी वापरली जात होती. तंगूस बोटींच्या पंख्यात अडकायला लागले, म्हणून त्यांना तलावाच्या दुसऱ्या अंगाला जायला सांगितले गेले. तिथे जाणाऱ्या पायवाटेवरून विजेच्या उघड्या तारा जातात. हल्लीच्या लांब गळकाठ्या कार्बन फायबरच्या असतात आणि कार्बन फायबर विजेचा वाहक आहे. जोडलेली, उभी धरलेली काठी अशा तारेला लागली, किंवा तिच्या अगदी जवळ गेली, तरी माणूस जागच्या जागी मरू शकतो. वडिलांनी काठी सुटी करून, आडवी धरून ती वाट पार केली, कारण त्यांना हे माहीत आहे. त्यांच्या मागून काठी खांद्यावर उभी धरून येणाऱ्या शाळकरी मुलाला ते माहीत नव्हते आणि त्याला थांबवायला तिथे आपला एकही माणूस नव्हता. पाटी लावायला आपल्याला किती खर्च आला असता?

या सगळ्यात शिडीचीच गोष्ट मी पुन्हा सांगणार आहे, कारण ती पुन्हा सांगितल्याशिवाय आपल्याकडे ऐकली जाईल याचा मला विश्वास उरलेला नाही. जेटीच्या धातूच्या शिडीत वीज उतरत होती. आपल्या माणसाला ते दाखवले, आणि त्याने पुरवठा पुन्हा चालू केला. आपल्या ग्राहक सेवेला ते सांगितले, आणि त्यांनी तक्रार बंद केली. आज या क्षणी तिथे दुसरे कुटुंब उतरलेले असेल, आणि कोणाचे तरी मूल वर येण्यासाठी त्याच दांड्याकडे हात नेत असेल.

मला कूपन नको आणि आपल्या जागेवर पुन्हा यायचेही नाही. बुकिंगची संपूर्ण रक्कम परत हवी, पण ती दुय्यम बाब आहे. परवानाधारक विद्युत तंत्रज्ञाकडून जेटीची तपासणी करून तिचा लेखी अहवाल मला पाठवावा. पाण्याजवळच्या प्रत्येक जोडणीवर ईएलसीबी बसवून त्याचे चाचणीचे बटण नियमित दाबून पाहण्याची जबाबदारी एका ठराविक माणसावर सोपवावी. पोहण्याच्या जागेची दोरी दोन्ही टोकांना बांधलेली राहील आणि बोटी तिच्या बाहेरूनच वळतील, हे पाहावे. मुलांच्या मापाची, कॉलर आणि पायपट्टा असलेली जॅकेट ठेवावीत आणि उघड्या तारांखालची पायवाट गळ टाकणाऱ्यांसाठी बंद करावी.

हे पत्र मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर भावाने काढलेली मल्टिमीटरची आणि सोललेल्या केबलची छायाचित्रे, आपला निराकरण झाल्याचा संदेश आणि या पत्राची प्रत मी विद्युत सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे आणि ग्राहक आयोगाकडे देणार आहे. तिथे अपघात झाला का, असे विचारले गेले, तरी मी हीच छायाचित्रे पुढे करीन.

वीजपुरवठ्याच्या बाबतीत मात्र ७ दिवस थांबू नये. हे पत्र वाचणाऱ्या व्यक्तीने, मग ती कोणत्याही हुद्द्यावर असो, आधी कॅम्पसाइटवर फोन करून जेटीचा मुख्य स्विच बंद करायला सांगावा आणि पुढचे कामकाज त्यानंतर करावे.

आपली,
एक ग्राहक

सोबत : छायाचित्रे, बुकिंगची पावती आणि आपल्या संदेशाची प्रत