खुल्या जागेत परसबाग होऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोठ्या ले-आउटमध्ये 10 टक्के जागा खुली सोडावी लागते. धुळ्यात काय किंवा जळगाव-नंदुरबारात काय, त्या जागेच्या नशिबी पुढे दोनच गोष्टी येतात: काटेरी झुडपं आणि कचरा, नाहीतर पेव्हर ब्लॉक. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 44-45 अंशांपर्यंत जातो. दिवसभर तापलेल्या त्या फरशीवर दिवेलागणीलाही बसवत नाही.

आमच्या कॉलनीतल्या बायकांनी अशाच जागेचा एक कोपरा साफ करून वाफे पाडले. आच्छादनाला पऱ्हाट्यांचा भुगा, पाण्याला कुणाच्या शेतातल्या जुन्या ठिबकच्या नळ्या. वांगी, गिलकी, पोकळा लावला, कुंपणावर वाल चढवला. मुलांनी बुजगावणं केलं, वाफ्यांच्या पाट्या रंगवल्या. दर आठवड्याला त्यात काहीतरी नवीन भर पडते.

यजमान गेल्यापासून एक आजी घराबाहेर पडत नव्हत्या. साक्रीकडे शेतात जन्म गेलेला, आणि मुलाच्या फ्लॅटमध्ये हाताला काम नाही. आता सकाळी वाफ्यावर त्याच आधी हजर असतात. वांग्याचा सुकलेला शेंडा खुडून चिरतात, आतली अळी सुनांना दाखवतात. "शेंडा सुकना म्हणजे मझार अळी शे, खुडी टाक!" हे ऐकायला आम्ही मुद्दाम थांबतो. त्यांना पुन्हा कुणीतरी काही विचारू लागलं आहे, हे मला भाजीपेक्षा मोठं वाटतं.

हा निव्वळ भाबडेपणा नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी बागकाम करणाऱ्या 30 जणांना आधी ताण येईल असं काम दिलं. मग काहींना अर्धा तास बागेत राबवलं, बाकीच्यांना वाचायला बसवलं. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक दोन्हीकडे उतरलं, पण बागेत अधिक. हा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्याला डॉक्टर आणि औषधं लागतातच, त्याबद्दल वाद नाही. पण एकटेपणावर गोळी नसते.

तिन्ही शहरांतल्या स्थानिक प्रशासनाला कळकळीची विनंती: जिथे रहिवासी तयार आहेत, तिथे खुल्या जागेचा काही भाग वर्षाच्या कराराने त्यांच्याकडे द्यावा. एक नळजोडणी, तारेचं कुंपण आणि उन्हाळ्यापुरती शेडनेट एवढंच पुरे. बी आणि मेहनत आमची. मृगाच्या आत निर्णय झाला, तर याच पावसाळ्यात वाफे भरतील.

– एक वाचक, देवपूर, धुळे