सायकियाट्रिक एनपी व्हायचंय? आधी विचारा, क्लिनिकल कोण देणार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मध्यंतरी आपल्या पेपरात नर्सिंग करून परदेशी जायच्या संधींवर माहिती आली होती, त्यात अमेरिकेतल्या 'सायकियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनर'चा (एनपी) एका ओळीत उल्लेख होता आणि पगार चांगला मिळतो एवढंच होतं. मला ते वाचून राहवेना, कारण मी हेच काम करते, इथे टेक्सासमध्ये, गेली तीन वर्षं, आणि नेमका त्याच आठवड्यात सांगलीहून माझ्या मैत्रिणीच्या भाचीचा फोन आला होता. पोरगी बीएस्सी नर्सिंग झालेली, हुशार, एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. म्हणाली, "मावशी, एक एजंट म्हणतोय वीस महिन्यांत सायकियाट्रिक एनपी, कोर्स सगळा ऑनलाइन, स्टुडंट व्हिसा तेच काढून देतात, फक्त रजिस्ट्रेशनचे पैसे या महिन्यात भरायचेत." बाबांनी एफडी मोडायची तयारी केलेली. मी तिला म्हटलं आधी फोन ठेवू नकोस, आणि बँकेत तर अजिबात जाऊ नकोस.

एजंट जे सांगत होता त्याची मुळात जुळणीच होत नाही. अमेरिकेच्या एफ-१ म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर एका टर्मला एकच ऑनलाइन विषय पूर्णवेळ शिक्षणात धरतात, त्यामुळे पूर्ण ऑनलाइन कोर्ससाठी तो व्हिसा मिळायचा प्रश्नच नाही. दुसरं, ज्या राज्यात तुम्ही पेशंट बघून शिकणार त्या राज्याचं आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्सचं लायसन्स हातात लागतं, आणि ते लायसन्स हवं तर त्याच्या आधी सर्टिफिकेट तपासून घ्या, इंग्रजीची परीक्षा द्या, मग एनक्लेक्स ही लायसन्सची परीक्षा द्या. म्हणजे आधी आरएन, मग एनपी. ही ओळ उलटी करून कोणी विकत असेल तर तिथेच थांबायचं.

आता हे एनपी म्हणजे काय ते थोडं सांगते, कारण माझ्या सासरीसुद्धा अजून "नर्सच ना" असंच म्हणतात. मी पेशंटची पूर्ण हिस्टरी घेते, निदान करते, औषधं लिहून देते, काही जणांबरोबर थेरपीही करते. नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला कोर्स १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी काढला, तो लहान मुलांच्या तपासणीसाठी होता. मानसिक आजारांच्या नर्सिंगचं मास्टर्स त्याच्याही आधीचं, हिल्डगार्ड पेप्लाउ बाईंनी रटगर्समध्ये १९५४ च्या सुमारास चालू केलेलं. नर्सने पेशंटशी नीट बोलणं हाच उपचाराचा भाग आहे हे त्यांनी त्या काळात ठासून सांगितलं, मला त्या बाईंबद्दल फार आदर आहे. अधिकार मात्र राज्याप्रमाणे बदलतात. ओरेगन, ॲरिझोना अशा राज्यांत एनपी स्वतंत्र प्रॅक्टिस करू शकते, आमच्या टेक्सासमध्ये डॉक्टरबरोबर लेखी करार लागतो आणि बाहेरच्या क्लिनिकमध्ये शेड्यूल दोनची म्हणजे कडक नियंत्रणातली औषधं, त्यात एडीएचडीची (लक्ष न लागण्याच्या, चंचलपणाच्या आजाराची) बरीचशी येतात, मला लिहिता येत नाहीत, ती डॉक्टरच लिहितात. कुठल्या राज्यात राहणार आहात ते ठरवतानाच हे बघून घ्यावं.

माझं म्हणाल तर मी मूळची मिरजेची. बीएस्सी झाल्यावर पुण्यात आयसीयूला ड्यूटी केली, मग लग्न, आणि २०१२ ला नवऱ्याबरोबर एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसामुळे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, डॅलसला आले. तीन वर्षं घरात. हाताला काम नाही म्हणजे काय ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल, दुपारी घरात एकटीच बसून मी माझी जुनी नर्सिंग कौन्सिलची सर्टिफिकेटं काढून बघायचे आणि परत ठेवायचे. २०१५ मध्ये नियम बदलला, ज्यांच्या नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झालाय त्यांना वर्क परमिट मिळायला लागलं, तेव्हा मी धावत सुटले. एनक्लेक्स दिली, लायसन्स आलं, आणि पहिली नोकरी मिळाली ती मानसिक आजारांच्या वॉर्डात, रात्रपाळी. मागून घेतली नव्हती, मिळाली म्हणून घेतली, पण तिथेच मन रमलं.

इथे आमच्याकडे गणपतीला मंडळात आरतीनंतर गप्पा मारताना दरवर्षी एखादी तरी भेटते की जी तिकडे स्टाफ नर्स होती आणि इथे दहा वर्षं घरात आहे, रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं राहून गेलं म्हणते. या बायकांसाठीही मी हे पत्र लिहितेय. बाई गं, अजून वेळ गेलेली नाही, तिकडच्या कौन्सिलला आजच अर्ज कर.

रस्ते बरेच आहेत. आपली चार वर्षांची बीएस्सी असेल तर तिचं मूल्यांकन करून घेऊन बहुतेक विद्यापीठांत सरळ एमएसएनला, म्हणजे नर्सिंगच्या मास्टर्सला, अर्ज करता येतो. जीएनएम डिप्लोमा असेल तर इथे आरएन झाल्यावर बीएसएनचा (इथल्या नर्सिंग पदवीचा) ब्रिज कोर्स किंवा आरएन-टू-एमएसएन करायचा. जी आधीच फॅमिली एनपी (घरातल्या सगळ्यांचे सर्वसाधारण आजार बघणारी) आहे तिला परत सगळं मास्टर्स करायला लागत नाही, पोस्ट-मास्टर्स सर्टिफिकेट पुरतं. नर्सिंग सोडून दुसरीच पदवी असलेल्यांसाठी डायरेक्ट एंट्रीचे कोर्स असतात. आणि डीएनपी, म्हणजे नर्सिंगची डॉक्टरेट, ती पाहिजेच का असं सगळ्या विचारतात, तर नाही. एनपी व्हायला डॉक्टरेटच हवी अशी चर्चा २००४ पासून चाललीये पण बोर्डाच्या परीक्षेला आजही मास्टर्स चालतं. शिकवायचं असेल, मोठ्या पदावर जायचं असेल तर डीएनपी नंतर करा.

एमएसएन असो की डीएनपी, तीन विषय सगळ्यांना वेगळे करावे लागतात, ॲडव्हान्स्ड पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी आणि हेल्थ म्हणजेच फिजिकल असेसमेंट, आमच्यात त्याला थ्री पीज म्हणतात. मग मनोविकारांचे विषय, थेरपी, आणि क्लिनिकल, म्हणजे प्रत्यक्ष पेशंट बघून शिकणं. शेवटी एएनसीसी या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची बोर्डाची परीक्षा, आणि ते सर्टिफिकेट दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं. हे सर्टिफिकेट लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्या वयांचं असतं, त्यामुळे क्लिनिकलमध्ये मुलंही बघितलेली पाहिजेत आणि म्हातारी माणसंही.

आता मला जे खरं सांगायचंय ते. कॉलेज निवडताना किती महिन्यांत संपतं हे विचारू नका, आम्हाला पेशंट बघायला कोण देणार ते विचारा. बोर्डाच्या परीक्षेला बसायला किमान ५०० तास क्लिनिकल लागतं, २०२२ मध्ये एनपी शिक्षणाचे जे राष्ट्रीय निकष आले त्यात हा आकडा ७५० तासांवर नेलाय. हे तास एखाद्या अनुभवी एनपीच्या किंवा सायकियाट्रिस्टच्या हाताखाली करायचे, त्यांना प्रिसेप्टर म्हणतात. आणि कितीतरी कॉलेजं फी पूर्ण घेतात आणि प्रिसेप्टर तुमचा तुम्ही शोधा म्हणून सांगतात!

माझ्या कॉलेजनेही तेच केलं. मी रात्रपाळी संपवून सकाळी सातला पार्किंगमध्ये गाडीत बसायचे, वहीत क्लिनिकची नावं लिहिलेली, आणि आठ वाजले की एकेकाला फोन लावायचे. ऐंशीच्या वर फोन आणि ईमेल झाले. काहींनी उत्तरच दिलं नाही, एका ठिकाणी माझं आडनाव तीन वेळा स्पेलिंग करून सांगितल्यावर आमच्याकडे विद्यार्थी घेत नाही म्हणून फोन ठेवला, एका कंपनीने प्रिसेप्टर मिळवून देतो म्हणून तासावर पैसे मागितले. माझी एक वर्गमैत्रीण यापायीच एक सेमिस्टर मागे पडली आणि त्या सेमिस्टरची फी परत भरली. शेवटी मी ज्या वॉर्डात काम करत होते तिथल्याच एका बाईंनी मला घेतलं, कारण त्यांनी मला रात्री पेशंटशी बोलताना बघितलं होतं.

त्या बाईंकडे काय शिकले त्याचं एकच उदाहरण देते. एक पेशंट, बायपोलरचा (मूड टोकाचा वरखाली होण्याचा आजार), लॅमोट्रिजीन २०० मिलिग्रॅमवर चांगला स्थिर होता, गोळ्या संपल्या म्हणून परत आलेला. मी फाइल बघितली, डोस बघितला, तोच परत लिहिला आणि सहीसाठी पुढे केला. बाईंनी खुर्ची पेशंटकडे वळवली आणि एवढंच विचारलं की शेवटची गोळी कधी घेतलीत. तो म्हणाला झाले की दोन-तीन आठवडे. माझ्या पोटात गोळाच आला, कारण हे औषध इतके दिवस बंद पडलं तर परत २५ पासून हळूहळू चढवायला लागतं, एकदम २०० दिलं तर अंगावर पुरळ येऊन जिवावर बेतू शकतं. पुस्तकात मी हे वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं, आणि समोर माणूस बसल्यावर विचारायचं राहिलं. आजही कुठल्याही पेशंटला माझा पहिला प्रश्न तोच असतो, शेवटची गोळी कधी घेतली. असे धडे व्हिडिओ बघून मिळत नाहीत हो.

म्हणून माझं आग्रहाने सांगणं आहे की एनपीला ॲडमिशन घ्यायच्या आधी निदान दोन वर्षं मानसिक आजारांच्या वॉर्डात आरएन म्हणून काम करा. बऱ्याच कॉलेजांना याची गरज वाटत नाही, एक वर्षाचा कुठलाही अनुभव चालतो किंवा तोही लागत नाही, आणि माझ्या ओळखीच्या काही जणी त्याशिवायही उत्तम काम करतायत हे मान्य. पण मी जे बघितलंय त्यावरून सांगते, भ्रम झालेल्या माणसासमोर शांत बसता येणं, आत्महत्येचा विचार येतो का हे न अडखळता विचारता येणं, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. कॉलेजला सीसीएनई किंवा एसीईएनची मान्यता आहे का, तुमच्या राज्यातले विद्यार्थी ते घेतात का, मागच्या बॅचचे किती जण बोर्ड पास झाले आणि प्रिसेप्टर कॉलेज देणार हे लेखी देता का, एवढं विचारून मगच पैसे भरा.

पैशांचं पण बोलायला हवं. फेडरल कर्ज नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतं, एच-४ वर असताना मला मिळालं नाही, मी दर सेमिस्टरला दोनच विषय घेतले आणि हॉस्पिटलने जेवढी फी परत दिली तेवढ्यावर ओढत नेलं, २०१९ ला सुरू केलेलं २०२२ ला संपलं. ज्यांना कर्ज मिळतं त्यांनीही लक्ष ठेवा, १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे मास्टर्स आणि पुढच्या शिक्षणाचं फेडरल कर्ज बंद. आणि भारतातून थेट ईबी-३ वर, म्हणजे नोकरीच्या ग्रीन कार्डावर, येऊ म्हणणाऱ्यांनी ग्रीन कार्डाच्या रांगेच्या तारखा देणारं व्हिसा बुलेटिन स्वतः उघडून बघा, भारताची रांग दहा वर्षांच्या वर मागे आहे, एजंट हे सांगत नाही.

एवढं करून मिळतं काय? पगार मिळतो, खोटं कशाला बोलू. पण मला विचाराल तर मागच्या वर्षी एक आजी आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), मुलाकडे राहायला आलेल्या. चार डॉक्टर झाले, हार्टचे रिपोर्ट नॉर्मल. दुभाषा फोनवर हिंदीत विचारतोय आणि त्या नुसत्या मान हलवतायत. मी मराठीत विचारलं, "आजी, काय होतंय?" तर माझा हात धरला आणि म्हणाल्या, "बाई, काळीज हललंय बघ. कशातच जीव लागत नाही. हे गेल्यापासून घास उतरत नाही." डिप्रेशन हा शब्द त्यांनी एकदाही काढला नाही पण निदान त्या तीन वाक्यांत होतं.

आणि अशा आज्या तर आपल्या गावोगावी आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आलंय की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचारच पोचत नाहीत. आपल्याकडे दोन वर्षांचं एमएस्सी सायकियाट्रिक नर्सिंग आहे, एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे, माझ्या बॅचच्या दोघी एमएस्सी झाल्या आणि दोघी कॉलेजात शिकवतायत, पेशंट बघायची जागाच नाही म्हणतात. इंडियन नर्सिंग कौन्सिलने क्रिटिकल केअरसाठी एनपीचा कोर्स काढला, तसाच मानसिक आरोग्यासाठी काढून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली का होईना, ठरावीक औषधं चालू ठेवायचे अधिकार देऊन तालुक्याच्या हॉस्पिटलात एकेक सिस्टर बसवली तर किती लोकांचे हेलपाटे वाचतील! यावर आपल्या पेपरने एकदा सविस्तर लिहावं ही माझी कळकळीची विनंती.

सांगलीच्या पोरीने एजंटला पैसे दिले नाहीत. एनक्लेक्सची तयारी चालू केलीये आणि इन्चार्ज सिस्टरकडे मागून मनोरुग्णांच्या वॉर्डात ड्यूटी लावून घेतलीये. परवा तिचा मेसेज आला, "मावशी, एक काकू रात्रभर झोपत नाहीत, एकच वाक्य सारखं बोलतात, मी चार्टिंग उरकू का त्यांच्याजवळ बसू?" मी लिहिलं, बस थोडा वेळ, आणि त्या काय बोलतात ते मला उद्या सांग.

आपली,
एक मिरजकर नर्स, डॅलस