त्याला चढत नाही

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू सहज बोलून गेलास. लोणावळ्याहून येताना गाडी तुझ्या मित्रानंच चालवली, बीअरच्या चार बाटल्या पोटात असताना. "पण बाबा, त्याला चढत नाही." मी पुढं काही बोललो नाही, फोन आईकडे दिला. त्या रात्री मला झोप नाही. जे सांगायचंय ते फोनवर माझ्या तोंडातून निघणार नाही, म्हणून लिहितोय.

धाकट्या मामाचं तुला माहीत आहे ते एवढंच: हायवेला उसाची ट्रॉली उभी होती, तिला दिवा नव्हता, मामाची मोटरसायकल मागून धडकली. घरात सगळे असंच सांगतात. त्यात खोटं काही नाही, पण ते अर्धंच आहे.

तू चौथीत होतास. चुलत घरात हळद होती. मांडवामागं, गोठ्यापाशी बाटल्या उघडल्या होत्या. साडेअकराच्या सुमारास मामा घरी निघाला, उंब्रजला. जेमतेम नऊ किलोमीटर. मी त्याच्या शेजारीच उभा होतो, वास येत होता. म्हटलं, "झोप की आज इथंच." तो हसला. "पायाखालचा रस्ता हाय दाजी." गाडीला चावी लावताना ती त्याच्या हातून खाली पडली.

मी ती उचलून त्याच्या हातात दिली.

एकतीस वर्षं एसटी चालवली मी. डेपोत एखाद्याच्या तोंडाला वास आला की वाहतूक नियंत्रक त्याची ड्युटी काढून घ्यायचा. तो चिडायचा, हातापाया पडायचा, घरच्या अडचणी सांगायचा. गाडी मिळायची नाही. आम्हीही मध्ये पडायचो नाही, कारण मागं चाळीस-पन्नास माणसं बसणार असतात. तोच मी, बायकोच्या भावाला अडवू शकलो नाही. लग्नघर आहे, चारचौघांत मेव्हण्याचा अपमान नको, एवढंच मनात होतं.

तुझ्या मित्राचं म्हणशील तर, दारू सगळ्यात आधी माणसाचा अंदाज नेते. आपल्याला किती चढलीय, हे ज्याला चढलीय त्यालाच कळत नाही. रोजच्या पिणाऱ्याची जीभ अडखळत नाही, चाल बिघडत नाही, म्हणून बघणारेही फसतात. पण ब्रेकवर पाय उशिराच जातो. ताशी ६० किलोमीटरला गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर पुढं जाते. अर्धा सेकंद उशीर झाला की आठ मीटर गेले. अंधारात उभी ट्रॉली दिसायला आधीच उशीर होतो, त्यातून आठ मीटर गेल्यावर हातात काय उरतं?

कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. पहिल्यांदा सापडला तरी १०,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लिंबू, ताक, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांनी झोप उडते, रक्तातली दारू उतरत नाही. ती शरीर आपल्या गतीनं काढतं, तासाला १०० मिलिलिटर रक्तामागं साधारण १५ मिलिग्रॅम. मध्यरात्री १२० असेल तर पहाटे सहाला कुठं ३० वर येते. म्हणजे झोपून उठून निघालेलाही कित्येकदा प्यायलेलाच असतो.

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला काय झालं ते तू पुण्यातच असताना झालंय. मोटारीनं मोटरसायकलवरच्या दोघांना उडवलं, दोघंही गेले. दोघंही इंजिनिअर, २४ वर्षांचे, तुझ्याच वयाचे. मोटार चालवणारा सतरा वर्षांचा. जामिनाच्या अटींतल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर सगळा देश संतापला, मीही संतापलो. पण मला राहून राहून वाटतं, पबच्या टेबलापासून गाडीच्या दारापर्यंत त्या रात्री किती जणांनी त्या पोराला पाहिलं असेल. माझ्यासारखेच.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला मामाच्या मरणाइतकीच टोचते. ट्रॉलीचा ड्रायव्हर बीडकडचा होता, ऊसतोडीला आलेल्या टोळीबरोबर. चाक पंक्चर झालं म्हणून थांबला होता. दिवा नव्हता ही त्याची चूक होतीच. पण पंचनाम्याच्या वेळी मी तिथं होतो, आणि मामा पिऊन होता हे मी सांगितलं नाही. मेलेल्या माणसाची बदनामी नको म्हणून. सगळा दोष त्याच्या माथी गेला. त्याची बायको दोन दिवस चौकीच्या पायरीवर बसून होती, कडेवर लेकरू घेऊन. मी तिच्या समोरून गेलो.

आता गटारीला तुम्ही मुळशीला जाणार म्हणालास. जा. पण तुमच्यातला कोण पिणार नाही हे पुण्यातून निघतानाच ठरवा, आणि चावी त्याच्या खिशात जाऊ दे. कुणी नसेल तर तिथंच मुक्काम करा, उठल्यावरही घाई करू नका. मित्र रागावेल, शिव्या देईल, चार महिने बोलणार नाही. चालेल. त्यानं चावी दिली नाही तर निदान तू त्या गाडीत बसू नकोस, आणि मला फोन कर. मी कराडहून निघून येईन, कितीही वाजलेले असोत.

हे पत्र आईला दाखवू नकोस. ती अजून संक्रांतीला भावाच्या फोटोसमोर तिळगूळ ठेवते आणि त्या ट्रॉलीवाल्याला बोल लावते. चावी कुणी उचलून दिली, हे तिला मीच सांगणार आहे. गणपतीला तू आलास की, तू शेजारी असताना.

तुझा,
बाबा